खालची ओळ रिकामी

१

करारावर सह्या व्हायच्या त्याच दिवशी सकाळी रंजिता शेलारला एक ईमेल आला आणि दुपारपर्यंत तिचा करार थांबला. ईमेल पाठवणाऱ्याचं नाव होतं 'भांग'.

"भांग?" विनिता तरेने विचारलं. "प्यायची की केसातली?"

"तेच तर कळलं नाही कधी," रंजिता म्हणाली. "एवढी वर्षं त्या नावावर आम्ही विनोद करत आलो. आज हसू येत नाहीये."

अंजूरफाट्याला, टायरच्या दुकानावरच्या माळ्यावर रंजिताचं ऑफिस होतं. मागच्या गल्लीतले कापडाचे लूम खडखडत होते, त्यामुळे बोलताना आवाज थोडा चढवावा लागत होता. विनिताला त्याची सवय होती. वखारींच्या विम्याचे दावे तपासण्यात तिची निम्मी उमर गेली होती. आग लागली की लावली, माल चोरीला गेला की मुळात आलाच नव्हता, हे ती राख हुंगून आणि माणसांना बोलतं करून सांगायची. आता तिने स्वतःचं काम सुरू केलं होतं. पण सॉफ्टवेअरची भानगड तिच्याकडे प्रथमच येत होती.

"मला अडाणी समजून सांग," ती म्हणाली.

रंजिताने सांगितलं. तिच्या प्रोग्रॅमचं नाव 'कोठार'. गोदामात कुठला माल कुठल्या खोलीत, कुठल्या रॅकवर ठेवायचा ते तो सांगतो. रंजिताने तो पहिल्यापासून मुक्त ठेवला होता. कोणीही घ्यावा, वापरावा, उघडून बघावा, त्यात बदल करावेत. अट एकच होती. बदललेला प्रोग्रॅम पुढे दुसऱ्याला दिलात, तर तुमचे बदलही तसेच उघडे द्यायचे.

"आणि ज्यांना बदल उघडे करायचे नसतील त्यांचं काय?"

"ते आमच्याकडून वेगळं लायसन विकत घेतात. तो धंद्याचा परवाना. त्यावर हे ऑफिस चालतं, आणि त्याच्या जोरावर मुक्त आवृत्ती जगते. गावोगावच्या छोट्या गोदामवाल्यांकडून आम्ही काही घेत नाही."

"मग अडलं कुठे?"

"विकायचा हक्क असायला लागतो ना, ताई. प्रोग्रॅम मुक्त आहे म्हणून बाहेरची माणसंही त्यात भर घालतात. ज्याने जे लिहिलं ते त्याचं. त्याने हो म्हटलं तरच मला ते धंद्याच्या परवान्यात विकता येतं. बाकी सगळ्यांच्या सह्या आहेत. फक्त मांडणीचा भाग, म्हणजे कोठारचं काळीजच म्हणा, तो भांगने लिहिला. त्याने तेव्हा 'चालेल, हरकत नाही' एवढंच कळवलं. नाव सांगितलं नाही. नंतर तो पत्ताही बंद पडला. पाठवलेला मेल परत यायचा."

"आणि आज त्याच बंद पत्त्यावरून मेल आला."

"हो. संमती मागे घेतो म्हणून. खाली खरं नावही लिहिलंय." रंजिताने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "प्रितेश गायकर. वर्षभरापूर्वीपर्यंत तो याच खोलीत, तुम्ही बसलात त्या खुर्चीवर बसायचा."

२

प्रितेशचं दुकान पडघ्याला, हायवेच्या कडेला होतं. बाहेर ट्रकांची रांग लागलेली आणि आत एसीचा गारवा. प्रितेश गोड बोलणारा माणूस होता. त्याने चहा मागवला, बिस्किटं मागवली आणि काही लपवायचं नसल्यासारखा मागे टेकून बसला.

"रंजितामॅडमकडे लागायच्या आधी मी इथेच एका गोदामात हिशेबाला होतो," तो म्हणाला. "तिथल्यासाठी मांडणीचा भाग लिहिला आणि टोपणनावाने कोठारला पाठवला. नंतर त्यांच्याकडेच नोकरी मिळाली. तेव्हा म्हटलं, कशाला मिरवायचं?"

"आणि आता का मिरवताय?"

"आता माझं काम मोठ्या कंपनीला विकतायत म्हणून. मला कोणाचं वाईट करायचं नाही. धंद्याचा परवाना माझ्या दुकानातून विकला जावा, इतकंच."

म्हणजे रंजिताने प्रोग्रॅम सांभाळायचा आणि किल्ली याच्या खिशात. विनिताने चहाचा घोट घेतला. "भांग हे नाव कसं सुचलं?"

"होळीच्या दिवशी खातं उघडलं होतं!" तो खळखळून हसला. "आणखी पुरावा हवा असेल तर त्या पत्त्यावर आत्ता मेल टाका."

विनिताने फोनवरून एक ओळ पाठवली. टेबलावरचा प्रितेशचा फोन लगेच वाजला.

"मधे पत्ता बंद होता म्हणे."

"तो पत्ता माझ्या वेबसाइटच्या नावावर आहे, आणि ते नाव दरवर्षी पैसे भरून टिकवावं लागतं. मी विसरलो. नंतर पुन्हा घेतलं."

हे खरं असू शकत होतं. पण सुटलेलं नाव कोणीही घेऊ शकतो, हेही तितकंच खरं होतं. बंद दुकानाची पाटी विकत घेणारा त्या दुकानाचा जुना मालक ठरत नाही. मात्र तो मालक नाही हे दाखवायचं कसं, ते विनिताला दिसत नव्हतं.

निघताना तिने काचेबाहेर पाहिलं आणि ती थबकली. समोरच्या टपरीपाशी स्कूटर लावून एक माणूस उभा होता आणि प्रितेश मोकळा व्हायची वाट बघत होता. त्याला तिने मघाशीच अंजूरफाट्याच्या ऑफिसात पाहिलं होतं. तो रंजिताचा भाऊ हरेश होता.

३

हरेशने लपवाछपवी केली नाही. विनिता समोर जाऊन उभी राहिली तसा त्याचा चेहरा पडला.

"मी त्याच्या हातापाया पडायला आलोय, ताई. ताईला सांगू नका. माझ्या ताईला, म्हणजे रंजूला," तो गोंधळून म्हणाला. "ग्राहकांचं मी बघतो. हा करार गेला तर ऑफिसातली पोरं घरी बसतील. प्रितेश म्हणतो ते मान्य करून टाकू असं माझं मत आहे. रंजू ऐकत नाही."

"भांग कोण ते तुमच्यापैकी कोणालाच माहीत नाही, हे प्रितेशला ठाऊक होतं?"

"ऑफिसात सगळ्यांनाच ठाऊक होतं. तो तर रोज त्यावर हसायचा."

विनिता पुन्हा रंजिताकडे गेली. तिथे पुण्याच्या कंपनीचे मनोज सावे बसले होते. करार त्यांच्या कंपनीशीच व्हायचा होता. माणूस सभ्य होता, पण आता सावध झाला होता.

"आमच्या वकिलांना दोनच गोष्टी चालतील," ते म्हणाले. "एक तर प्रितेशची सही आणा, नाहीतर खरा भांग समोर उभा करा. आणि राग मानू नका मॅडम, पण भांग नावाचं कोणी नव्हतंच, ती संमती तुम्हीच तयार केलीत, असंही आमच्याकडे काहीजण म्हणतायत."

रंजिताचा चेहरा लाल झाला. ती काही बोलणार तोच विनिताने विचारलं, "या भांगच्या लिखाणात काही विचित्र आहे का? तुला कधी न कळलेलं असं काही?"

रंजिताने लॅपटॉप उघडला. "एक नियम आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास खालच्या ओळीत माल ठेवायचा नाही. वरच्या ओळी चालतात. आणि पुढच्या खोलीला हा नियम लागू नाही. आम्हाला वाटलं, श्रद्धा असेल कोणाची. ग्राहकांना देताना आम्ही तो बंद ठेवतो, पण काढला नाही. चालत्या गाड्याला हात कशाला लावायचा?"

"उद्या सकाळपर्यंत थांबाल?" विनिताने मनोजना विचारलं. "नाही, उद्या नको. परवा सकाळी. सगळ्यांना इथेच बोलवा. प्रितेशलाही."

"तोवर काय होणार आहे?" मनोज म्हणाले.

"बघू," म्हणून विनिता उठली. घरी जाताना ती सवयीने मासळीबाजारात वळली. राहीबाई कोळीण आज खुशीत होती. पाटी भरलेली होती.

"घे गो बाय, मागल्या आठवड्यात तुला रित्या हाताने धाडली. भांगात काय गावते जाळ्यात? भांग सरला आता. उद्या पुनव, उधाणाचा म्हावरा बघ कसा हाय!"

विनिता पिशवी उघडी धरून तशीच उभी राहिली. मग ती एवढ्या मोठ्याने हसली की राहीबाईने दचकून तराजू खाली ठेवला.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी विनिता कशेळीला होती. खाडी तुडुंब भरली होती. पाणी बांधाला लागून गोदामांच्या पाठच्या भिंतींपर्यंत आलं होतं, आणि रस्त्यावर कंटेनरांची नेहमीची कोंडी चालू होती. ती खाडीच्या अंगाची गोदामं एकेक करून बघत चालली. विम्याच्या जुन्या ओळखी कामाला येत होत्या. कुठे कोणी अडवलं नाही.

पाचसहा गोदामं नेहमीसारखीच होती. जमिनीपासून पत्र्यापर्यंत माल भरलेला. काहींत चक्क पाण्याचा ओघळ आत आला होता आणि हमाल शिव्या देत खोकी उचलत होते.

मग ती दौलत म्हात्रेंच्या गोदामात शिरली.

मागच्या खोल्यांत वरच्या सगळ्या ओळी कापडाच्या गाठींनी गच्च होत्या. खालची ओळ मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी होती. फरशीच्या सांध्यांतून पाणी पाझरत होतं, पण त्यात भिजायला काहीच नव्हतं. पुढच्या खोलीत मात्र गाठी थेट जमिनीवर होत्या आणि कोरड्या ठणठणीत होत्या.

"काय बघते?" दारातून दौलतशेठांचा आवाज आला. अंगाने दणकट, पांढऱ्या मिशा, जमिनीचा आणि बोलण्याचा दोन्हींचा तोरा असलेला माणूस.

"खालची ओळ रिकामी का, दौलतकाका?"

"आमचे पोरीला विचार. कम्प्युटर तीच बघते. दिशा बोलते, वर ठेवा, आम्ही वर ठेवतो."

"कुठला प्रोग्रॅम वापरता? कोठार?"

दौलतशेठांचा चेहरा एकदम कठीण झाला. "त्या विठू शेलारच्या पोरीचा? माझे गोदामात? त्याचे ट्रकमध्ये माझ्या गाठी भिजल्या, आणि तो बोलतो तुझेच गोदामात भिजल्या. तवापासून त्याच्या घरचा पानी पन मी पीत न्हाय!"

ऑफिसच्या काचेमागे एक तरुण बाई कम्प्युटरसमोर बसली होती. वडिलांचा आवाज ऐकून तिने हळूच स्क्रीन बंद केला. विनिताने ते पाहिलं.

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. "दिशा, कोठार मुक्त आहे. घ्यायला कोणाला विचारावं लागत नाही. वडिलांच्या वैऱ्याच्या घरचं असलं तरी नाही. खरं ना?"

दिशाने दाराकडे बघितलं.

"तू ते घेतलंस, सुधारलंस, आणि नाव न सांगता परत दिलंस. आता दुसराच कोणी भांग म्हणून पुढे आलाय. रंजिताचं ऑफिस बंद पडेल."

दिशाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. पण तिने मान हलवली. "मना काय ठाव न्हाय, ताई. तुमची काय तरी चूक झालीय."

ती खोटं का बोलत होती, ते विनिताला बाहेर पडताना उमगलं. तो नियम आपला आहे असं म्हणायचं म्हणजे पाणी फरशीतून येतं, हे म्हणायचं. म्हणजे गाठी याच गोदामात भिजल्या होत्या. विठू शेलार खरा होता, आणि दौलत म्हात्रेंनी सगळ्या तालुक्यासमोर एका निर्दोष माणसाला खोटं पाडलं होतं. हे एका मुलीने बापाच्या तोंडावर कसं सांगायचं?

विनिताने मागे वळून टेबलावर रंजिताच्या ऑफिसचा पत्ता ठेवला. "उद्या सकाळी," एवढंच म्हणाली.

५

ठरल्याप्रमाणे सगळे जमले. मनोज सावे, हरेश आणि रंजिता. प्रितेश नवा शर्ट घालून आला होता. रंजिताचा चेहरा ओढलेला होता, पण ती ताठ बसली होती. विनिताने दोनदा खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. कशेळीहून कोणी आलेलं दिसत नव्हतं.

"प्रितेश, एकच शंका आहे," तिने सुरुवात केली. "खालच्या ओळीचा नियम. तो कशासाठी घातलात?"

प्रितेश तयारीने आला होता. "अमावास्येला आमच्या पडघ्याचे हमाल मालाला हात लावत नाहीत. जुनी समजूत आहे."

"मग पौर्णिमेला?"

"पौर्णिमेला... सत्यनारायण असतो. पूजा असते."

"पूजा फक्त खालच्या ओळीची? हमाल वरच्या ओळीत माल चढवतात, तो कुठल्या हाताने?"

हरेश सावरून बसला. प्रितेशने पाण्याचा ग्लास उचलला. "नीट आठवत नाही. जुनी गोष्ट आहे."

"मग मी आठवण करून देते. अमावास्या आणि पौर्णिमा, या दोन्ही तिथींना एकच गोष्ट घडते. समुद्र आणि खाडी चढते. उधाण येतं. पाणी वरून नाही, खालून येतं, म्हणून फक्त खालची ओळ रिकामी ठेवायची. हा नियम लिहिणाऱ्याने फरशीतून वर येणारं पाणी डोळ्यांनी पाहिलंय. पडघ्याला पावसाचं पाणी तुंबत असेल, पण उधाणाचं पाणी कुठून येणार? तुमच्या त्या गोदामापासून खाडी किती लांब आहे, ते इथे सगळ्यांना माहीत आहे."

मनोज हळूहळू पुढे झुकले.

"आणि नावाचं म्हणाल तर," विनिता म्हणाली, "शाळेत भूगोलात आपण सगळे शिकलो होतो आणि सगळे विसरलो. उधाणाची भरती आणि भांगाची भरती. अष्टमीच्या सुमाराला पाणी कमी चढतं तो भांग. गोदामाला धोका नसलेले दिवस. खाडीकाठच्या माणसाने निवडलेलं नाव आहे ते. होळीशी त्याचा काही संबंध नाही."

प्रितेशने ग्लास खाली ठेवला. मग प्रितेश हसला. हसू आता गोड नव्हतं.

"छान गोष्ट रचलीत. समजा मी नाही. मग कोण? सावेसाहेबांना दोनच गोष्टी चालतात ना? खरा भांग आणा समोर. आहे का कोणी?"

मनोजनी नाइलाजाने मान डोलावली. "त्यांचं म्हणणं बरोबर आहे, मॅडम. हे नसतील, पण कोणीतरी हवं."

विनिताकडे नाव होतं. पण ते सांगायचा हक्क तिचा नव्हता. तिने पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. प्रितेशने बॅग उचलली.

आणि जिन्यावर जड पावलं वाजली.

६

आधी दिशा आत आली, छातीशी जुना लॅपटॉप धरून. तिच्या मागून दार भरून दौलत म्हात्रे उभे राहिले.

"माझे पोरीचं काम आपलं बोलतो तो कोन?" त्यांनी विचारलं.

 सगळ्यांच्या नजरा एकाच बाजूला वळल्या, आणि प्रितेश भिंतीला टेकला.

दिशाने लॅपटॉप टेबलावर ठेवला. "मी भांग. मांडणीचे माझे सगळे कच्चे प्रयत्न यात आहेत. अगदी पहिल्या, न चाललेल्या प्रयत्नापासून. वेबसाइटचं नाव मीच सोडून दिलं. घरी कळेल अशी भीती वाटली."

"एक विचारू?" मनोज म्हणाले. "पुढच्या खोलीला नियम का नाही?"

"आजोबांनी ती आधी बांधली. तिचं जोतं दगडाचं, उंच आहे. तिथे पाणी चढत नाही."

विनिता हसली. "काल उधाणात मी ती कोरडी पाहिली."

मनोजनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि बराच वेळ एकेक पान उघडून बघत राहिले. मग त्यांनी तो मिटला. "मला आणखी काही नको. प्रितेश, तुम्ही ते सुटलेलं नाव विकत घेतलंत, एवढंच ना?"

प्रितेशने कोणाकडेच पाहिलं नाही. "ते मोकळं पडलं होतं," तो पुटपुटला आणि जिना उतरून गेला. त्याला कोणी हाक मारली नाही.

रंजिता उठून दिशासमोर उभी राहिली होती. "एवढी वर्षं मी तुझं लिखाण वाचतेय," ती म्हणाली. "मला वाटायचं, असं मला कधी जमणार नाही."

दिशा रडता रडता हसली. "आणि मला वाटायचं, तुम्ही मुक्त ठेवलं नसतं तर मना कधी शिकायलाच मिळालं नसतं. सही देते मी. धंद्याच्या परवान्याला माझी संमती. पण मुक्त आवृत्ती मुक्तच राहिली पाहिजे, आणि त्यात माझं नाव पाहिजे. दिशा दौलत म्हात्रे, पूर्ण."

"सगळ्यात वर," रंजिता म्हणाली.

दौलतशेठ इतका वेळ उभेच होते. आता त्यांनी घसा खाकरला. "पोरीनं काल जेवताना सांगितलं. पानी कुठून येतं ते. मना घास गिळवला न्हाय." ते रंजिताकडे वळले. "तुझे बापसाला फोन लाव."

रंजिताने लावला आणि स्पीकर सुरू केला. विठू शेलारांचा आवाज शेतातून, वाऱ्यातून आला. "बोल गं."

"मी दौलत बोलतो."

पलीकडे नुसता वारा ऐकू आला.

"विठू, गाठी माझेच गोदामात भिजल्या रं. तू खरा होतास. मी दहा मानसांसमोर तुला खोटा बोललो, आता दहा मानसांसमोर बोलतो, मी खोटा."

पुन्हा वारा.

"एवढ्या मोठ्याने कशाला वरडतो?" विठू म्हणाले, आणि त्यांचा स्वर फाटला. "मला ऐकू येतं अजून. ये घरी, वाल लागलेत चांगले. घेऊन जा."

खोलीत एकदम सगळेच बोलायला लागले. मनोजनी कराराची पानं बाहेर काढली. हरेश पेढे आणायला धावला, अर्ध्या जिन्यावरून परत आला आणि विनिताच्या पाया पडून पुन्हा धावला. रंजिताने सही केली, तिच्या शेजारी दिशाने केली, आणि कोठारचा धंद्याचा परवाना ज्याला हवा त्याला निःशंकपणे देता येईल असा झाला.

दौलतशेठांनी खिशातून पैशांचं पाकीट काढलं. "आता माझं. मना पन तो धंद्याचा परवाना दे. शेलारांच्या घरचं फुकट वापरलं, असं कोन बोलायला नको."

"काका, तुम्हाला तो लागत नाही," रंजिता म्हणाली. "मुक्त आवृत्ती तुमच्यासाठीच आहे. धंद्याचा परवाना ज्यांना आपले बदल लपवून ठेवायचे असतात त्यांनी घ्यायचा. तुम्हाला काही लपवायचंय?"

दौलत म्हात्रेंनी लेकीकडे पाहिलं. मिशीतल्या मिशीत हसून त्यांनी पाकीट खिशात घातलं.

"न्हाय," ते म्हणाले. "आता काय बी न्हाय."